सोळा कोटी तीस लाखांचा वाद

मुलांनो, एक आकडा लिहून दाखवा बरं! सोळा कोटी तीस लाख. अंकांत लिहायचा हं. किती शून्यं आली?

आमच्या सातवीच्या वर्गात हा आकडा फळ्यावर लिहायला सहा जण उठले आणि सहा जणांची सहा उत्तरं आली. कुणी शून्यं वाढवली, कुणी खाऊन टाकली. एका पठ्ठ्यानं तर एवढी शून्यं काढली की फळा संपला. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं बरोबर लिहिलं. १६,३०,००,०००. एकशे त्रेसष्ट आणि पुढं सहा शून्यं.

हे पैसे कुणाचे, ते तुमच्यातल्या क्रिकेटवेड्यांनी ओळखलंच असेल. ऐन दिवाळीत, ३१ ऑक्टोबर २०२४ ला, आयपीएलच्या संघांनी आपापले राखून ठेवलेले खेळाडू जाहीर केले. मुंबई इंडियन्सनं पाच जण ठेवले. जसप्रीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित शर्मा १६ कोटी ३० लाख आणि तिलक वर्मा ८ कोटी. त्या वेळी रोहितचं वय होतं सदतीस.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तर मुलांच्या तोंडी दुसरा विषयच नाही! मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत भांडणं. "रोहितला कशाला ठेवलं?" "नाही तर काय तुला ठेवायचं?" मी म्हटलं, नुसतं भांडू नका, रीतसर वादविवाद करू. निवडणुकीच्या कामातून आम्ही शिक्षक नुकतेच मोकळे झालो होतो. २३ नोव्हेंबरचा शनिवार ठरवला. त्या दिवशी सगळ्या गावाचे कान मतमोजणीकडे होते आणि आमच्या वर्गाचे कान रोहितकडे. दुसऱ्या दिवसापासून सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात खेळाडूंचा लिलाव होणार होता. म्हणजे वेळही अगदी बरोबर साधली होती.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. नांदेडहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. वर्गात मुलं अठ्ठावीस. चौदा इकडं, चौदा तिकडं. मी पंच.

आधी हिशेब झाला. प्रत्येक संघाला खर्चायला मिळणार होते १२० कोटी. त्यातले १६ कोटी ३० लाख एकट्या रोहितला. म्हणजे रुपयातले साडेतेरा पैसे. पाच जणांचे मिळून झाले ७५ कोटी, उरले ४५. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे उरलेल्या ४५ कोटींत १३ ते २० जण घ्यायचे. शेकडेवारी शिकवताना जांभया देणारी माझी मुलं त्या दिवशी भराभर गणितं करत होती. (हे गुपित इतर शिक्षकांनीही वापरायला हरकत नाही.)

मग विरोधी बाजू उठली. एका मुलानं वहीत सगळे आकडे लिहून आणले होते. २०२२ च्या हंगामात रोहितच्या १४ सामन्यांत २६८ धावा, एकही अर्धशतक नाही. २०२३ ला १६ सामन्यांत ३३२. २०२४ ला मुंबईचा संघ दहावा, म्हणजे शेवटून पहिला! "मग पैशे कशाचे द्यायचे, सर? जुन्या फोटोचे?" सगळा वर्ग हसला.

बाजूनं बोलणारी मुलगी काही कमी नव्हती. म्हणाली, "संघ दहावा आला तवा कप्तान रोहित नव्हताच की! हार्दिक होता. अन् रोहितनं चेन्नईविरुद्ध नाबाद १०५ केल्या, त्या नाही सांगितल्या!"

"केल्या, पण सामना गेला की वीस धावांनी!"

हे दोन्ही खरं. १४ एप्रिल २०२४ चा वानखेडेवरचा तो सामना. २०७ धावांचा पाठलाग होता. रोहित शेवटपर्यंत उभा राहिला आणि तरी मुंबई हरली. एकाच खेळीनं दोन्ही बाजूंना मुद्दा दिला.

पाच विजेतेपदांची यादी तर तोंडपाठ होती. २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२०. पाचही वेळा कप्तान रोहित. त्यात २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये जिंकलेला टी-ट्वेंटी विश्वचषक. एका मुलानं रोहितच्या लहानपणची गोष्ट सांगितली. बोरिवलीला आजोबांकडं राहायचा, शाळेची फी परवडत नव्हती, प्रशिक्षक दिनेश लाड यांनी शाळेला सांगून फी माफ करवून घेतली. ऐकून मलाही भरून आलं. पण समोरचा एक जण लगेच उठला. "सर, गोष्ट चांगली आहे. पण ती पगाराची गोष्ट नाही." पंच म्हणून मला तो गुण द्यावाच लागला.

नंतर शेतावरची मुलं बोलायला लागली आणि खरी गंमत आली. एक जण म्हणाला, "आमच्या आबांनी लालकंधारी जोडीतला मोठा बैल म्हातारा झाला तरी इकला नाही. नवा गोऱ्हा त्याच्या संगं जुंपला की त्याला वळण लागतं. रोहित असल्यावर तिलक वर्माला वळण लागंल."

तिलक तेव्हा बावीस वर्षांचा. रोहितहून पंधरा वर्षांनी लहान.

"मान्य," तिकडून उत्तर आलं. "पण तुझे आबा म्हाताऱ्या बैलाला गोऱ्ह्याच्या दुप्पट चारा घालतेत का?"

आठ कोटी आणि सोळा कोटी! मुलांनो, मी पंधरा वर्षं मास्तरकी करतोय, पण इतकं नेमकं उत्तर मला सुचलं नसतं.

मग महेंद्रसिंह धोनी आला. त्याला चेन्नईनं फक्त ४ कोटींत राखलं होतं. आधीच्या हंगामांत त्याला १२ कोटी मिळत. झालं असं की पाच वर्षं एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला नवख्यांच्या यादीत धरायचा जुना नियम पुन्हा आणला गेला. धोनी शेवटचा खेळला तो जुलै २०१९ ला. त्रेचाळीस वर्षांचा नवखा! "असं पायजे," विरोधी बाजू म्हणाली, "माणूसही राहिला अन् पैसेही वाचले."

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अमेरिकेतली. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. चेंडू त्याच्या हातात येतो आणि पुढं काय करायचं ते तो ठरवतो. टॉम ब्रेडी हा त्यातला महान खेळाडू. वीस हंगाम एकाच संघात, न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये खेळला. २०२० मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी, तो संघ सोडून टँपा बेला गेला आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्यांना सुपर बोल जिंकून दिला. रोहितवाली बाजू टाळ्या वाजवायला लागली.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र दोन्ही बाजू गप्प झाल्या. २०१३ च्या हंगामात मुंबईचा कप्तान होता ऑस्ट्रेलियाचा रिकी पाँटिंग. वय अडतीस. सहा सामने झाले, धावा जेमतेम बावन्न. त्यानं काय करावं? स्वतःच बाहेर बसला! कप्तानपद मिळालं ते एका पंचविशीतल्या मुलाला. तो मुलगा म्हणजे रोहित. त्याच वर्षी मुंबईनं पहिलं विजेतेपद मिळवलं. पाँटिंग रुसून घरी गेला नाही. पुढं २०१५ ला मुंबई जिंकली तेव्हा रोहित कप्तान आणि पाँटिंग मुख्य प्रशिक्षक होता.

विरोधी बाजूनं मग शेवटचा मुद्दा मांडला. आपल्या मराठवाड्याचा, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. २०२२ ला चेन्नईनं त्याला दीड कोटीला घेतलं, पण पूर्ण हंगामभर तो बाहेरच बसून राहिला. २०२३ ला पहिला सामना मिळाला आणि त्यात त्यानं तीन बळी घेतले. "मोठ्यांनी जागा अडवल्यावर आपल्याकडच्या पोरांनी खेळायचं कधी, सर?"

आणि इथंच ती मुलगी उभी राहिली. वर्गात फारशी न बोलणारी, खिडकीजवळ बसणारी. म्हणाली, "सर, तुमी पण सत्त्याऐंशीचेच ना?"

मी म्हटलं, "हो. रोहित अन् मी एकाच वर्षीचे." अभिमानानंच सांगितलं.

"मग तुमी अजून ओपनिंगला कशाला जायलाव? माझा दादा दोन वर्षं झाले नुसतं पाणीच न्यायलाय."

वर्ग एकदम शांत झाला. कुणीतरी तिला खाली ओढून बसवलं.

मुलांनो, आता तुम्हाला सांगायला हवं. नोकरीला लागलो तेव्हापासून मी याच गावात राहतो आणि गावाच्या टेनिस बॉल संघात सलामीला खेळतो. संक्रांतीनंतर आसपासच्या गावांत स्पर्धा होतात. एके काळी मी बरा खेळायचो, खोटं सांगत नाही. पण गेल्या दोन वर्षांत माझ्या धावा किती, ते कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही. आणि तिचा दादा माझाच विद्यार्थी. चौथीत त्याला बॅट कशी धरायची ते मीच दाखवलं होतं.

त्या रात्री झोप लागेना. मला वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. रोहितला १६ कोटी ३० लाख मिळतात, म्हणून त्याचा हिशेब सातवीतली पोरंसुद्धा करतात. मला कुणी एक रुपया देत नाही. उलट स्पर्धेच्या फीला सगळे शंभर शंभर काढतात, तेव्हा मी पाचशे टाकतो. बॅट माझी, पॅड माझे. वर मी गावाचा सर. मग मला "बाहेर बसा" म्हणणार कोण? फुकट खेळणारा मी रोहितपेक्षा महाग पडत होतो आणि ती किंमत एक पोरगा पाणी वाहून भरत होता.

जानेवारीत संघ ठरवायला सगळे मारुतीच्या पारावर जमले. मी म्हटलं, "यंदा सलामीला मी नाही." कुणी "का?" असं विचारलंच नाही! सगळे कसे पटकन "बरं बरं" म्हणाले! मुलांनो, मला ते लागलं. निदान एकदा तरी आग्रह करायचा होता ना?

आता तुम्हाला वाटेल, त्या दादानं पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं असेल. छे! चार धावा केल्या आणि पाचव्या चेंडूवर उडवून झेल दिला. आमचा संघ हरला. परतताना टेम्पोत कुणीतरी म्हणालं, "सरच बरे होते." आणि खरं सांगू? मला आनंद झाला. अगदी आतून गुदगुल्या झाल्या. समोर तो पोरगा मान खाली घालून बसला होता, त्याच्याकडं बघितलं आणि मग माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला मैदानावर बोलावलं. तो उजव्या यष्टीबाहेरच्या चेंडूवर घाई करत होता. दोघांनी तासभर तेवढंच केलं. पुढच्या सामन्यात त्यानं एकतीस काढल्या, त्याच्या पुढच्यात शून्य. खेळ असाच असतो.

मार्चमध्ये आयपीएल सुरू झाली. रोहितच्या पहिल्या तीन सामन्यांतल्या धावा ०, ८ आणि १३. विरोधी बाजू रोज सकाळी प्रार्थनेआधीच माझ्याकडं हजर! मग ३० मे ला, बाद फेरीत, त्यानं गुजरातविरुद्ध ५० चेंडूंत ८१ केल्या आणि मुंबईला जिंकून दिलं. तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती, तरी दुसरी बाजू थेट माझ्या घरी आली. पुढच्याच सामन्यात पंजाबनं मुंबईला हरवलं. हंगामात रोहितच्या धावा झाल्या ४१८. मुलांनी भागाकार करून सांगितलं, एका धावेला जवळजवळ ३ लाख ९० हजार रुपये. "महाग," एक जण म्हणाला. "अन् ते ८१?" दुसऱ्यानं विचारलं. माझ्या अंगणात पुन्हा भांडण सुरू झालं. मी चहा ठेवायला आत गेलो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईनं रोहितला पुढच्या हंगामासाठीही ठेवलं. आता नवी सातवी आहे, त्यांनी विचारलं, "सर, वादविवाद कधी?" ती खिडकीजवळची मुलगी आता आठवीला तालुक्याच्या शाळेत जाते. परवा एसटीच्या थांब्यावर भेटली. मी विचारलं, "काय म्हणतो दादा?"

"सर, तो म्हणायलाय, रविवारी गुण लिहायला तुमीच या. अन् पाण्याचा कॅन पण तुमच्याच गाडीवर आणा."

कॅन आणायचं मी कबूल केलंय.