पाचवे चाक

मोटारीला चार चाके असतात असे सगळेच म्हणतात. पाचवे कुणी मोजत नाही. ते डिकीतल्या गालिच्याखाली, जॅक आणि पान्याच्या सोबतीने, काळोखात निजलेले असते. त्याची आठवण होते ती भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी आणि शक्यतो पाऊस पडत असताना.

आपण त्याला स्टेपनी म्हणतो. हे नाव कुठून आले याची चौकशी आपण कधी करीत नाही. वेल्समध्ये लॅनेली नावाचे गाव आहे. तिथल्या स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस नावाच्या भावांचे दुकान होते. 1904 च्या सुमारास त्यांनी मोटारीसाठी जादा चाक काढले. त्याला आरे नव्हते. हवा भरलेल्या टायरची ती नुसती धाव असे आणि ती पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आवळून बसवीत. तोवर पंक्चर झाले की रस्त्याकडेला बसून टायर सोलणे एवढाच मार्ग होता. ती कंपनी केव्हाच गेली, ते चाकही गेले. पण आमच्या मसुऱ्यातला शेंबडा पोरसुद्धा त्या वेल्समधल्या रस्त्याचे नाव रोज घेतो.

नोकरी संपवून मी मुंबईहून मसुऱ्याला राहायला आलो आणि 2021 साली एक जुनी अल्टो घेतली. गाडी 2012 ची. रंग पाहिला, इंजिनाचा आवाज ऐकला, कागद तपासले. थोरला भाऊ खळ्यात उभा राहून हे कौतुक पाहत होता. त्याने एवढेच विचारले, "पाचव्या चाकात हवा आसा मां रे?"

"आहे रे दादा," मी न बघताच म्हणालो.

2023 च्या श्रावणात एका रात्री दादाचा दमा उसळला. नेहमीच्या फवाऱ्याने श्वास बसेना. त्याला पुढच्या सीटवर बसवून मी ओरोसच्या सरकारी रुग्णालयाकडे निघालो. कसालच्या अलीकडे मागचे चाक बसले. रस्त्यावर जांभ्याचा कुठला तरी धारदार कपरा लागला असावा. भर पावसात जॅक लावला, चाक उतरवले, स्टेपनी काढली. तिच्या खाचेत पावसाचे पाणी साचले होते, रिम गंजली होती. चाक चढवले, जॅक खाली घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत ते नवे दिसणारे चाक हळूहळू रिमेवर बसले. आत दादाच्या छातीची शिट्टी वाजत होती. तो काही बोलला नाही. त्याला बोलवतही नव्हते. अर्ध्या तासाने मासळीचा एक टेम्पो आला. त्या माणसाने काहीही न विचारता दादाला उचलून घेतले. म्हणून दादा वाचला.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने ती स्टेपनी पाण्यात बुडवली. बगलेतून बुडबुड्यांची रांगच निघाली. नक्षी अगदी कोरी होती; नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. बगलेला मात्र वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा. त्याने टायरच्या अंगावरचा चार आकडी नंबर दाखवला: 3712. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे 2012 चा सदतिसावा आठवडा. गाडीबरोबर जन्मलेला टायर अकरा वर्षांत एकदाही रस्त्यावर उतरला नव्हता.

"काकानू," तो म्हणाला, "ह्यो टायर वापरल्याबिगरच म्हातारो झालो."

मला ते खरे वाटेना. पण ते खरे आहे. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबर कडक करतात. त्यापासून राखण म्हणून रबरात मेणे आणि रसायने घातलेली असतात. टायर फिरत राहिला, वाकत-दबत राहिला, की ती पृष्ठावर झिरपत राहतात. नुसता पडून राहिला की ती राखण दुबळी पडते. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असे बरेच कारखाने सांगतात, आणि त्यात स्टेपनीही आली.

मग स्वस्त टायरचा शोध सुरू झाला. नव्याला तीन हजार पडत होते. दवाखान्यातून घरी आलेला दादा म्हणाला, "डिकीतच ऱ्हवतलो मां, मगे नवो कित्याक?" मलाही ते पटले, कारण ते माझ्या खिशाला पटत होते. मालवणात एकाने सहाशेला टायर दाखवला, काळा कुळकुळीत. बोट फिरवले तर बोट काळे झाले. नंबर पाहिला तर टायर 2014 चा. कुडाळला एकाने तेरा इंची पुढे केला आणि "चलतला" म्हणाला. बारा इंची रिमेवर तेरा इंची टायर बसत नाही, हे एव्हाना मी शिकलो होतो. तिसऱ्याने रिमोल्ड सुचवला. जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला असा टायर ट्रकला लावतात. पण ज्या सांगाड्याचे वय ठाऊक नाही त्यावर पुन्हा दादाला बसवण्याचा मला धीर होईना.

शेवटी कणकवलीला एक दुकानदार भेटला. काही हौशी लोक नवी गाडी घेतल्या-घेतल्या तिला चकचकीत चाके लावतात आणि मूळ टायर दुकानात टाकून जातात. असा एक काढीव टायर त्याच्याकडे होता. कंपनी माझ्या टायरांचीच, 145/80, बारा इंची, नंबर 1422. किंमत चौदाशे. मी तो डिकीत टाकायला निघालो तशी त्याने मला थांबवले.

"नवो डिकीत ठेवू नकात. नवो धावाक लावा. धावतल्यातलो बरो बघून डिकीत टाका. आणि वर्साक एकदा पाचांचीय पाळी लावा."

परतताना मी पाचांचाच विचार करीत होतो. आम्ही भाऊ मुंबईला गेलो, दादा घरी राहिला. कुणीतरी राहायला हवे होते. देव होते, माड होते, आई होती. त्याचे लग्नही राहूनच गेले. आईचे आजारपण, वडिलांचे दिवसकार्य, सातबाऱ्याचे कागद, असे काही अडले की आम्हाला दादा आठवे. एरवी गणपतीला आणि आंगणेवाडीच्या जत्रेला त्याच्या हातचे जेवून आम्ही गाड्या पकडल्या. त्याचा दमा किती वर्षांचा, हे त्या रात्री डॉक्टरांनी विचारले तेव्हा मला सांगता आले नाही.

2020 सालच्या नियमाने काही मोटारींना स्टेपनी ठेवणे बंधनकारक राहिलेले नाही. ट्यूब नसलेले टायर, हवेचा दाब सांगणारे यंत्र आणि दुरुस्तीचे सामान असले म्हणजे झाले. पाचवे चाक आता हळूहळू जाणार. जाईल तेव्हा जाईल.

यंदाच्या दिवाळीला दादा माझ्या मुलाकडे मुंबईला गेला आहे. घर सोडून दुसरीकडे दिवाळी करण्याची त्याची ही पहिलीच वेळ. तो नाही-नाही म्हणत होता. मी त्याला गाडीने कणकवली स्टेशनवर नेऊन बसवला. घरी राहण्याची पाळी आता माझी. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. मुंबई कशी वाटते, हे सांगायचे सोडून त्याने आधी विचारले, "देवाकडे दिवो लावलंस मां?"

"लावला."

"आणि पाचव्या चाकात हवा?"

या खेपेला मी बॅटरी घेऊन बाहेर गेलो, डिकी उघडली, मग सांगितले.