आधी कुंपण चालून ये

ऑस्टिन, टेक्सास
फेब्रुवारी, दुसरा रविवार

चि. केदार,


तू पाठवलेले फोटो आणि तो दोन पानी करार, दोन्ही नीट पाहिले. जागा छान दिसते. पण एकदाही तिथे न जाता शुक्रवारपर्यंत अर्धे पैसे भरायची घाई करू नकोस. हरणांचा हंगाम जानेवारीत संपतो, काही जुने गट शिकारीचं लीज सोडतात आणि मालक नव्या माणसांच्या शोधात असतात. जागा बघायचे दिवस हेच. खरा मालक तुझ्यासाठी दोन आठवडे थांबेल. जो थांबायला तयार नाही, त्याच्या नावावर ती जमीन आहे का, हे काउंटीच्या मालमत्ता-मूल्यांकन कार्यालयाच्या नकाशावर आधी तपास. कोणता तुकडा कोणाचा, हे तिथे कोणालाही बघता येतं. दुसऱ्याच्या रँचचे फोटो दाखवून आगाऊ रक्कम उकळणारे इथेही आहेत.

फोनवर तू विचारलंस, सरकारी जंगलं असताना एवढे पैसे कशाला मोजायचे? टेक्सासची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा ४८ डॉलरचा वार्षिक परवाना काढला तर सुमारे दहा लाख एकर जमीन शिकारीला खुली होते. पण राज्य केवढं आणि शिकारी किती, हे बघता ती थोडीच. तरी पहिलं वर्ष त्यावर काढायला काहीच हरकत नाही, असं माझं मत. हात बसेल, आणि आपल्याला नेमकं काय हवंय तेही कळेल.

लीजचाच विचार असेल तर एक गोष्ट मनात पक्की कर. इथल्या कायद्याने जंगली हरीण जमीनमालकाचं नसतं, ते राज्यातल्या जनतेचं असतं. मालकाच्या हातात असते ती फक्त जमीन. म्हणजे तू जे हजार-दोन हजार डॉलर देणार, ते हरणाचे नाहीत; त्या माणसाच्या फाटकातून आत जायच्या परवानगीचे आहेत. म्हणून मी शिंगांचे फोटो शेवटी बघते आणि माणूस आधी. त्याची गुरं त्याच जमिनीवर चरतात, नातवंडं तिथेच हिंडतात. अनोळखी माणसाला बंदूक घेऊन आत सोडायचं म्हणजे त्यालाही जोखीमच वाटते. त्याला तुझ्याबद्दल काय वाटतं, यावर तुझं पुढच्या वर्षीचं लीज ठरतं.

भावाचं म्हणशील तर माझ्या ऐकिवातले दर एकरी वर्षाला दहा डॉलरपासून वीस-पंचवीसपर्यंत आहेत. दक्षिणेकडच्या काटेरी रानात, जिथे मोठ्या शिंगांचे नर मिळतात, तिथे त्याहून वर. काही मालक एकरावर न जाता बंदुकीमागे, म्हणजे दर शिकाऱ्यामागे, पैसे घेतात. तेव्हा एकूण किती बंदुका घेणार, हे विचार आणि करारात लिहून घे. तुझ्या करारात तो आकडाच नाही. तीनशे एकरांवर आठ जण घातले तर कोणाच्या गोळीची दिशा कुठे, हे कोण सांगणार? दर माणशी शंभर एकर तरी असावेत, असं मी धरते.

आता जाऊन काय बघायचं ते सांगते. कुंपण पूर्ण चालून ये, गाडीतून नको. झाडांच्या बुंध्यांवर किंवा खांबांवर उभे जांभळे पट्टे दिसले तर पलीकडे पाऊल टाकायचं नाही. १९९७ पासून इथे जांभळ्या रंगाला ‘प्रवेश बंद’च्या पाटीचाच अर्थ आहे. जखमी हरीण कुंपण ओलांडून गेलं तरी शेजाऱ्याला विचारल्याशिवाय मागे जायचं नाही, म्हणून त्याचा फोन नंबर मालकाकडून आधीच मागून ठेव. शेजाऱ्यांनी कुंपणाला लागून किती मचाणं उभी केली आहेत, तेही मोज. पाणी कुठे आहे, दुष्काळात ते टिकतं का, हे विचार. आणि झाडांकडे बघ. हरीण मान उंचावून जिथवर पोचतं, तिथवरची ओकची पानं आणि सगळा झुडुपपाला कात्रीने कापल्यासारखा साफ दिसला, तर त्या जमिनीवर हरणं पोसवेनात इतकी झाली आहेत. फोटोत ‘खूप हरणं’ म्हणून दाखवतात ती बहुधा अशीच असतात, हडकुळी, मक्याच्या फीडरभोवती जमलेली.

ओकवरून आठवलं. मचाणासमोरची फांदी आड येते म्हणून आत्ता करवत चालवू नकोस. फेब्रुवारी ते जून ओकला जखम करायची नाही, असं इथलं वनखातं सांगतं. ताज्या कापाच्या रसावर भुंगे येतात आणि ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग एका झाडाचा दुसऱ्याला लावतात. मग तो जमिनीखाली मुळामुळांतून पसरतो आणि अख्खी राई वाळते. ज्या झाडाखाली मालकाच्या आजोबांची गुरं बसायची, ते तुझ्या सोयीसाठी जायला नको. छाटायचंच असेल तर उन्हाळा ओसरल्यावर, त्याला विचारून, आणि काप लगेच रंगवून.

करारात आणखी काय हवं? तारखा: फक्त हंगामापुरतं की वर्षभर. पाहुणे आणता येतील का. रानडुकरं मारायची मुभा आहे का. ती पिकं आणि कुरणं उकरतात, त्यामुळे बहुतेक मालक खुशीने हो म्हणतात. अपघात झाल्यास विमा कोणाचा. दुष्काळात शेकोटी पेटवायची का. काउंटीची बंदी असेल तर प्रश्नच नाही. पैसे घेऊन शिकारीला जमीन देणाऱ्या मालकाला राज्याचा वेगळा परवाना लागतो, तो दाखवायला सांग. आणि फाटक: उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपल्यामागे साखळी परत त्याच कडीत अडकवायची. आमच्या मालकांनी पहिल्या भेटीत दुसरं काही विचारलं नव्हतं. आम्ही फाटक कसं लावतो, ते गाडीत बसून बघत राहिले होते.

एक प्रश्न मुद्दाम विचार: चितळाचं काय? हो, आपलंच चितळ. १९३२ साली ते इथे आणलं गेलं आणि हिल कंट्रीत मोकळं होऊन वाढलं. काळवीटही त्याच सुमाराला आलं. नीलगाय दक्षिणेत, किंग रँचवर सोडली होती. ही जनावरं इथे परकी धरली जातात, त्यामुळे परवाना आणि मालकाची संमती असली की त्यांना हंगाम नाही, संख्येची मर्यादाही नाही. पण पुष्कळ मालक चितळाच्या नराचे पैसे वेगळे घेतात, तेव्हा आधीच बोलून घे. मी स्वतः चितळावर नेम धरत नाही. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे त्याच्या शिकारीवर कडक निर्बंध आले आणि त्यानंतरच्या महाराष्ट्रात मी वाढले. नागझिऱ्याच्या रानात ऐकलेली त्याची इशाऱ्याची हाक मेसन काउंटीतल्या ओढ्यावर पहाटे ऐकू येते, तेव्हा मी बंदूक मांडीवर ठेवून नुसती ऐकत बसते. तू मारलंस तर तुला बोल लावणार नाही. आपल्याकडे त्यांच्यामागे वाघ-बिबटे असतात, इथे त्यांना आवरणारं तसं कोणी नाही.

ताईला, म्हणजे तुझ्या आईला, मी हेच समजावते आहे. तिचा फोन आला होता, तू शिकार करणार म्हणून रडवेली झाली होती. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना खाणारे लांडगे इथल्या माणसांनी कधीच संपवले. नवजात पाडसांच्या नाळेत अळ्या पाडून त्यांना मारणारी स्क्रूवर्म माशी १९६० च्या दशकात निर्बीज नर सोडून हटवली, ती गुरं वाचवायला. पण त्यामुळे हरणांची संख्याही भराभर वाढली. आज राज्यात ती पन्नास लाखांच्या घरात आहेत. ताईला हे पटलं असं नाही. तिचं दुःख खरं आहे, त्याला आकड्यांनी उत्तर देऊ नकोस. जे मारशील ते साफ करून खा; मांस वाया घालवणं इथे गुन्हाच आहे. जास्त झालं तर ‘हंटर्स फॉर द हंग्री’मार्फत गरजूंना देता येतं. हे तू करतोस, हे तिला कळू दे.

सर्वांत महत्त्वाचं: तू अजून एच-वन-बी वर आहेस. संघीय कायद्याने व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, आणि मगच बंदुकीला हात. मित्राची ‘जरा धरून बघ’ म्हणून दिली तरी नाही. परवान्याच्या तारखा नीट बघ, दरवर्षी ३१ ऑगस्टला तो संपतो. तुझ्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून त्याचं उत्तर जपून ठेव.

शनिवारी मी मोकळी आहे. मालकाला फोन करून विचार, सकाळी दोघं आलो तर चालेल का, आणि फाटकाशी थांबायचं की घरापर्यंत यायचं. डॅलसहून तुला पहाटेच निघावं लागेल. मी सरळ मेसनला येईन. जाड, उंच बूट घाल. कुंपणाच्या कडेला फड्या निवडुंग माजलेला असतो.

तुझी,
मावशी