पांगारा पाखरांचा

माघ सरत आला की कोकणातल्या कुंपणांवर भांडणं लागतात. आवाज आधी येतो, झाड नंतर दिसतं. साळुंक्या एकमेकींच्या अंगावर धावून जात असतात, बुलबुल मध्येच तोंड घालतात, कोतवाल सगळ्यांवर खेकसतो, आणि या कलकलाटाच्या मुळाशी पान म्हणून नसलेलं, राखी सालीचं एक झाड लालभडक होऊन उभं असतं. तो पांगारा. त्याच्या फांद्यांच्या टोकांशी आडवे, जाड दांडे येतात आणि त्यांवर फुलं दाटीवाटीने लागतात. दांड्याच्या बुडाशी फुलं उमललेली असतात तेव्हा टोकाला अजून कळ्याच असतात, वाकड्या आणि अणकुचीदार, थेट वाघनखं. त्यामुळे बाजार एका दिवसात आटोपत नाही. मेजवानी काही आठवडे चालते.

फाल्गुनाच्या आसपास लाल होणारी आपल्याकडची झाडं तीन. पळस, सावर आणि पांगारा. पैकी पळसाचे लाड भरपूर झाले. त्याला होळीचा रंग आहे, पत्रावळ आहे, लाख आहे, कवी आहेत, आणि वर एक म्हणही आहे. खरं तर पानं पांगाऱ्यालाही तीनच, तीही कुठेही गेलात तरी तीनच. पण म्हण करताना कुणाला त्याची आठवण झाली नाही. सावरीकडे निदान कापूस तरी असतो. पांगाऱ्याकडे माणसाला देण्याजोगं असं पटकन डोळ्यांत भरणारं काही नाही. फूल केसांत माळता येत नाही, देवाला वाहिलेलं मी तरी पाहिलं नाही, फळ खाता येत नाही आणि फांदीला हात घालावा तर काटे.

फुलाला नाक लावून बघा. काहीही येत नाही. एवढं मोठं, एवढं रसरशीत फूल आणि वासाच्या नावाने शून्य! मोगरा-सोनचाफ्यावर वाढलेल्या आपल्या नाकाला हा अपमानच वाटतो. पण हा मामला आपल्याशी नाहीच. वास हे किड्यांना धाडलेलं बोलावणं असतं. पाखरांचं बरंचसं काम डोळ्यांवर चालतं. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पाखरांना तो लांबून दिसतो. म्हणून लाल रंग, म्हणून पानांचा अडसर बाजूला, म्हणून बसायला भक्कम दांडा. फुलाची सर्वांत मोठी पाकळी वर उभारलेली असते. वनस्पतिशास्त्रात तिला ध्वज म्हणतात आणि इथे ते नाव तंतोतंत शोभतं. तिच्या पुढून पुंकेसरांचा जुडगा बाहेर झेपावलेला असतो. साळुंकी दांड्यावर बसते, मान खाली घालते, पोटभर पिते आणि कपाळाला परागांचा टिळा लावून पुढच्या झाडावर भांडायला जाते. मध इतका पातळ आणि इतका मुबलक की दुपारी झाडाखाली उभं राहिलं तर अंगावर थेंब पडतात.

पांगारा ही खरं तर एक अख्खी जमात आहे. वनस्पतिशास्त्रात तिला एरिथ्रिना म्हणतात. कूळ वाटाण्या-हरभऱ्याचं, शेंगांचं. जगभरच्या उष्ण प्रदेशांत मिळून तिच्या शंभराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या सर्वाधिक अमेरिका खंडांत. आपल्या कोकणातला तो साधा पांगारा, आणि कोरड्या डोंगरउतारांवर भेटणारा, भेगाळलेल्या जाड सालीचा तो बूच पांगारा. एवढ्या साऱ्या जातींत एक गोष्ट सामाईक आहे. सगळ्यांनी परागीभवनाचं काम पाखरांवर सोपवलं आहे.

मात्र पाखरं सगळीकडे सारखी नाहीत. अमेरिकेत गुंजनपक्षी आहेत, ते हवेत तरंगत पितात. त्यांना बसायला दांडा लागत नाही. तिथल्या बऱ्याच पांगाऱ्यांची फुलं अरुंद, मिटलेल्या नळीची असतात, ज्यात लांब बारीक चोचच शिरेल, आणि त्यांच्या मधात साखर असते ती मुख्यतः आपल्या उसातली, सुक्रोज. बसून पिणाऱ्या पाखरांच्या पांगाऱ्यांची फुलं वेगळी, उघडी आणि दांड्याच्या बाजूला वळलेली; आणि मधात भर असतो तो ग्लुकोज-फ्रुक्टोजचा. आता गंमत अशी की साळुंकीच्या कुळातल्या ज्या पाखरांची तपासणी झाली, त्यांच्या आतड्यात सुक्रोज फोडणारं विकरच नसतं. त्यांना उसाची साखर पाजली तर ती पचत नाही, पोट बिघडतं. थोडक्यात, आमच्या कुंपणावरचा पांगारा आपल्या गिऱ्हाइकाचं पथ्य सांभाळून मध काढतो. लग्नाच्या पंगतीत इतकी काळजी कुणी घेतलेली मला आठवत नाही.

या गिऱ्हाइकांत सर्वांत लांबून येते ती भोरडी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख आणि मानेमागे तुरा. ती एकटी कधी येत नाही, थवाच्या थवा येतो. तिची घरटी मध्य आशियाच्या माळरानांवर असतात. पावसाळ्याच्या मध्यापासून ती आपल्याकडे यायला लागते आणि ज्वारीच्या शिवारात शेतकऱ्यांच्या शिव्या खाते. निघण्यापूर्वी, फाल्गुन-चैत्रात, तिचा मुक्काम सावरी-पांगाऱ्यांवर पडतो. समोर हजारो कोसांचं उड्डाण. तिकडे टोळांचा फडशा पाडून ती तिथल्या शेतकऱ्यांचा दुवा घेते म्हणतात, म्हणजे शिव्यांचा आणि दुव्याचा हिशेब दोन देशांत मिळून जुळतो. भोरड्यांचा थवा पांगाऱ्यावर उतरला की साळुंक्यांचीही बोलती बंद होते. गुलाबी पाखरं लाल फुलांत बसलेली असतात, आणि रंगांच्या बाबतीत सोवळं पाळणाऱ्या कुणा चित्रकाराला ही जोडी पसंत पडणार नाही. मला पडते.

माणसाने मात्र पांगाऱ्याला कायम कडेला ठेवलं. मृगाच्या तोंडावर हाताएवढी जाड फांदी तोडायची, टोक तासायचं आणि गडग्याच्या कडेने जमिनीत ठोकायची, एवढीच त्याची लागवड. बी नको, खड्डा नको, कौतुक नको. दोन पाऊस पडले की खुंटाला पालवी. काटे असल्यामुळे गुरं अंगाशी येत नाहीत. सावंतवाडीकडच्या एका बागायतदार आजोबांना मी विचारलं होतं, पांगाऱ्याचं लाकूड कशाला वापरता? ते हसले. "ह्येच्या लाकडाचो काय उपयोग नाय रे झिला," म्हणाले, "चुलीत घातलंस तर निस्तो धूर." त्यांच्या पाठीमागेच पोफळीच्या बागेच्या कडेला पांगाऱ्याचे ओळीने खुंट उभे होते आणि प्रत्येकावर मिरीचा वेल अंगाखांद्यावर चढून, हिरवे घोस सोडून बसला होता. मिरी विकून वर्षाचा खर्च निघत होता. पण पैसे द्यायची ती मिरवेल; पांगारा नुसता धरून उभा राहणार. त्याला उपयोगात कोण मोजतो?

जगभर त्याची हीच नोकरी आहे. मिरजेकडच्या पानमळ्यात शेवरी-शेवग्याच्या जोडीला तो नागवेलीला खांदा देतो. त्रिनिदादमध्ये त्याचे उंच नातेवाईक कोकोच्या मळ्यांवर सावली धरतात, मध्य अमेरिकेत कॉफीवर. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, झडलेला पाला कुजून खत होतं, म्हणजे पाहुण्याला जागा देऊन वर जेवायलाही घालायचं. आणि लाकूड अगदीच बिनकामाचं असंही नाही. आजोबांच्या घरापासून फार लांब नाही अशा सावंतवाडीच्या चितारआळीत जी रंगीत लाकडी फळं मिळतात, केळी, सीताफळ, फोडलेलं कलिंगड, त्यांसाठी हलकं, मऊ, पटाशीखाली निमूट राहणारं लाकूड लागतं, आणि अशा कामाला पांगारा चालतो. जे लाकूड चुलीत धूर करतं त्याची फळं शहरातल्या दिवाणखान्यांत वर्षानुवर्षं न नासता पडून असतात.

त्याच्या हलकेपणाचं खरं चीज समुद्रावर झालं. किनाऱ्यावरच्या पांगाऱ्याची काळपट शेंग मण्यांच्या माळेसारखी मध्ये मध्ये आवळलेली असते आणि आतली बी गडद तांबूस, कठीण कवचाची. ही बी पाण्यावर तरंगते आणि खाऱ्या पाण्यात फार काळ टिकते. आपल्याच कुंपणावरचा पांगारा म्हणून तर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरला. लहानपणी ही बी आम्ही दगडावर घासून तापवायचो आणि शेजारच्या पोराच्या दंडाला चटका द्यायचो. महासागर ओलांडणाऱ्या दर्यावर्दीचा इतका क्षुद्र उपयोग!

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेटं आहेत. तिथे पांगाऱ्याला डेइगो म्हणतात आणि 1967 साली, बेटं अजून अमेरिकेच्या ताब्यात असताना, त्यांनी हे फूल आपलं प्रांतीय फूल म्हणून निवडलं. ज्या वर्षी डेइगो भरभरून फुलतो त्या वर्षी वादळं जास्त येतात असं तिथे मानतात. त्याचं लाकूड सहसा वाकत-फाटत नाही, म्हणून तिथले कारागीर लाखकामाची भांडी त्याचीच घडवतात. हवाई बेटांवर पांगाऱ्याची स्वतःची एक जात आहे, विलीविली. तिच्या लाकडाचे जाळ्यांचे तरंगे व्हायचे, होड्यांचा तोल धरणाऱ्या बाजूच्या उलांड्या व्हायच्या आणि सरदारांसाठी लाटांवर स्वार व्हायच्या लांबच लांब फळ्या व्हायच्या. तिकडची जुनी समजूत अशी की विलीविली फुलला की शार्क चावतात. एक बेट फुलांत वादळ पाहतं, दुसरं शार्कचे दात. या झाडाच्या रंगातच काहीतरी भय घालणारं असावं. अर्जेंटिनाने 1942 साली सैबो हे राष्ट्रीय फूल ठरवलं, तोही पांगाराच. आणि त्याची तिथली कथा परक्यांनी जिवंत जाळलेल्या अनाही नावाच्या ग्वारानी मुलीची आहे. सकाळी लोक येऊन बघतात तर राखेच्या जागी लाल फुलांचं झाड.

भय अगदीच निराधार नाही म्हणा. पांगाऱ्याच्या बियांत विषारी अल्कलॉइडं असतात. त्यांचा परिणाम दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणांना लावायच्या क्युरारे विषासारखा, स्नायू लुळे पाडणारा. विसाव्या शतकात शस्त्रक्रियेच्या भुलीसाठी म्हणूनही त्यांच्यावर काम झालं. फुलात गोड पाणी आणि बीत विष. पाखरा, मध पी पण पोराला हात लावू नको, हा त्याचा व्यवहार सरळ आहे.

या सगळ्या काटेरी, विषारी बंदोबस्ताला वाकुल्या दाखवत एक दीड मिलिमीटरची गांधीलमाशी आली. 2003 च्या सुमाराला ती तैवान, सिंगापूर, मॉरिशस असं करत लोकांच्या नजरेत आली आणि 2004 साली शास्त्रज्ञांनी तिचं नाव-गाव नोंदवलं. मादी कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालते. अळ्या वाढल्या की जागोजाग गाठी येतात, पान गोळा होऊन वळतं, शेंडा खुंटतो. 2005 साली ती हवाईत पोचली आणि काही महिन्यांत विलीविली आजारी पडले. तिथल्या लोकांनी तिचा शत्रू शोधायला आफ्रिका गाठली. टांझानियात दुसरी एक गांधीलमाशी सापडली जिच्या अळ्या या गाठींतल्या अळ्यांवर जगतात. दीर्घ परीक्षेनंतर 2008 साली ती सोडली आणि झाडांना पुन्हा पानं धरली.

आपल्याकडे केरळात ही पीडा 2006 च्या आसपास दिसली आणि मिरीचे मळे तिने बरेच छळले, कारण तिथे वेलाचा खांदा हाच पांगारा होता. खुंट वाळला की वेल जमिनीवर. शेतकऱ्यांनी दुसरी झाडं शोधायला सुरुवात केली. गेल्या खेपेला सावंतवाडीच्या त्या बागेत गेलो तर आजोबांच्या मुलानेही नवी ओळ सिल्व्हर ओकची लावली होती. सरळ वाढतं, काटे नाहीत, चढून मिरी काढायला सोपं, लाकडाला भाव. त्याचं म्हणणं बिनचूक होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिल्व्हर ओकलाही मध असतो, त्याच्या सोनेरी झुबक्यांवरही पाखरं जातात, हेही मी मनात कबूल केलं. पण त्याचा बहर उन्हं चढल्यावर, उशिरा. भोरड्यांना तर लवकर निघायचं असतं. म्हणून त्याला एवढंच सांगितलं की विहिरीकडच्या कोपऱ्यातला जुना पांगारा तेवढा तोडू नकोस. तो म्हणाला, "तो तोडूक कोण जातलो? काटे बघितलास मा?"