एका बिटातले दोन सूर

 आज इथे कोलकात्यात पावसामुळे बाहेर पडता आलं नाही, म्हणून जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एमुलेटरवर झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाचं संगीत ऐकत बसलो. आपल्या पुण्यातल्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने हा संगणक ‘डीबी स्पेक्ट्रम’ म्हणून बनवला होता, याचा इतक्या दूरही अभिमान वाटतो.

त्याच्या स्पीकरला एकच बिट. चालू किंवा बंद, मधलं काही नाही. तरी त्यातून दोन सूर एकदम ऐकू येतात! 3.5 मेगाहर्ट्झचा झेड80 प्रोसेसर दोन्ही सुरांचे ठोके आलटून पालटून इतक्या वेगाने देतो की मिश्रण आपला कानच करतो. तेवढा वेळ प्रोसेसरला दुसरं काम जवळजवळ करताच येत नाही.

पुढे 1985 च्या अमिगा संगणकाला आवाजाचे चार चॅनेल मिळाले. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, पक्के बांधलेले. हेडफोनवर ते विचित्रच वाटतं. पाचवा आवाज हवा असेल तर प्रोग्रॅममध्ये दोन आवाजांच्या आकड्यांची बेरीज करायची. पण आठ बिटांत कमाल 127 मावतात. 100 आणि 90 मिळवले की आवाज फाटतो. आधीच निम्मे केले तर बारकावे जातात. या ओढाताणीतून ज्यांनी गाणी उभी केली, त्यांना मी संगीतकारच मानतो.

तुमच्या माळ्यावर स्पेक्ट्रमच्या कॅसेट असतील तर टाकू नका. फीत खराब होण्याआधी त्या आजच्या संगणकावर उतरवून ठेवा.