मंगल कार्यालयाची रेकी

जबलपूरला आल्यापासून नर्मदेच्या घाटांबद्दल लिहीन म्हणतोय, ते राहूनच जातंय. मध्ये दहा दिवसांची सीएल काढून पुण्याला जाऊन आलो. मुलाच्या रिसेप्शनसाठी हॉल ठरवायचा होता. आधी तेच सांगतो.

लग्न मुलीकडं, सांगलीला. रिसेप्शन आमच्याकडं. फौजी माणसाचं 'आपलं' ठिकाण नेमकं कुठलं, हे पत्रिका छापायच्या वेळी कळत नाही. भावकी साताऱ्याकडं, मुलाचे ऑफिसवाले पुण्यात, आणि ज्यांच्याबरोबर सगळी नोकरी काढली ती माणसं देशभर पांगलेली. इथल्या जेसीओ मेसचं लॉनही डोक्यात येऊन गेलं. फुकटात काम झालं असतं. पण सातारची म्हातारी माणसं जबलपूरला आणायची, गेटवर एकेकाचं ओळखपत्र दाखवायचं, गाड्यांचे नंबर आधी कळवायचे... ते बारगळलं. पुणं ठरलं.

बायकोनं चार ठिकाणं काढून ठेवली होती. मी पहिल्याच दिवशी खिशात मेजर टेप घातली. ती म्हणाली, "अहो, हॉल बघायला चाललोय का खंदक खणायला?"

टेपचं कारण चार वर्षांपूर्वीचं आहे. मुलीचं लग्न आम्ही एका छान, पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयात केलं. माझा एक दोस्त आला नाही. आहेर पाठवला आणि तब्येत बरी नाही म्हणून फोन केला. मी मानलं. तो खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहतो. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी 1974 पासून चालणारं केंद्र. तिथं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणारे आहेत, हात गेल्यावर तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे आहेत. आमची गाडी पूंछच्या रस्त्यावर घसरली तेव्हा तो पुढच्या वन-टनमध्ये होता, मी मागच्या. इतकंच.

गेल्या वर्षी भेटायला गेलो तर त्याच्या शेजारचा बोलून गेला, "तुमच्या मुलीच्या लग्नाला हा नवा सफारी शिवून बसला होता. मग कार्यालयात फोन करून लिफ्टचं विचारलं." लिफ्ट नव्हती. मी स्वतः तो हॉल दोनदा बघितला होता. जेवण चाखलं, पार्किंग मोजलं, जनरेटर चालू करून बघितला. जिना मात्र मला दिसलाच नाही.

तर यावेळी टेप.

पहिलं ठिकाण शहराबाहेरचं लॉन. बायकोला एकदम पसंत. हिरवळ, कारंजं, दिव्यांच्या माळा. पण गवतावर खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात, वर गालिचा टाकला की आणखीच. शिवाय रिसेप्शन संध्याकाळीच, सात ते दहा. आमची आई आणि तिच्या वयाच्या चौघीजणी रात्री दहा वाजता 110 किलोमीटर साताऱ्याला जाणार कशा? दुसरीकडं लिफ्ट होती, पण केटररची, भांडी चढवायची. मॅनेजर म्हणाला, "मेजरसाहेब, काळजी नको, चार पोरं उचलून नेतील की!" (मी सुभेदार आहे. पण आपल्याकडं फौजेतला प्रत्येकजण मेजरच असतो, त्यामुळं दुरुस्त करायचं मी कधीच सोडलंय.) उचलून नेण्याबद्दल मात्र मी त्याला दोन शब्द सुनावले. बायकोनं कोपर मारलं.

तिसरं तळमजल्यावरचं जुनं कार्यालय. नाव ऐकून कोणी भुवया उंचावणार नाही असं. दारात फक्त दोन पायऱ्या. इथं मी दोस्ताला फोन केला, येऊन बघ म्हटलं. तो भडकला. "माझ्यासाठी हॉल बघतोस? पोराचं रिसेप्शन आहे का माझं? तुझ्या बायकोला काय वाटेल?" फोन ठेवला. मी काही बोललो नाही. बायकोनं माझ्या हातून फोन घेतला आणि परत लावला. "भावजी, मुलीच्या वेळी तुम्ही खोटं बोललात. आता गुपचूप या."

आला. जोडचाकांच्या स्कूटरवरून, व्हीलचेअर मागं बांधून. आणि आल्यावर मात्र पक्का फौजी. माझ्या टेपची त्याला गरज नव्हती, त्याला सगळे आकडे पाठ. दोन पायऱ्या म्हणजे फूटभर उंची. एका फुटाला बारा फूट उतार लागतो. मॅनेजरनं मंडपवाल्याची चार फुटी फळी आणून दाखवली तर म्हणाला, "यावरून मी वर जाणार नाही, थेट ससूनला जाईन." बाथरूमचं दार चोवीस इंच, त्याची खुर्ची सव्वीस. तिथंच मामला अडला होता. मग त्यानंच सुचवलं, त्या दिवसापुरतं दार काढा आणि जाड पडदा लावा, दोन इंच मिळतील. मॅनेजर खाली बसून बिजागऱ्या बघायला लागला.

स्टेजचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तो हॉलच्या मध्यावर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे सगळे वर जाऊन फोटो काढणार आणि मी खालून टाटा करणार."

यावर घरात खरी लढाई झाली. स्टेज नाही म्हणजे फोटोत शोभा नाही, व्याही काय म्हणतील. बायकोचंही चूक नव्हतं, एकुलत्या एका मुलाचं रिसेप्शन आहे. शेवटी होणाऱ्या सूनबाईंना फोन गेला. ती म्हणाली, "आई, तीन तास वर उभं राहायचं नसेल तर मला बरंच आहे." सोफा खाली, गालिच्यावर. वेळ सकाळी अकरा ते तीन, म्हणजे गावची बस दिवसाउजेडी परत. बुफे ठेवला, पण एका बाजूला टेबल-खुर्च्यांची पंगत. ताट हातात धरून उभ्यानं जेवणं आईला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडत नाही.

अॅडव्हान्स भरताना मालक स्वतः आले. उतार लाकडाचा नको, सिमेंटचाच बांधतो म्हणाले, म्हातारी माणसं प्रत्येक लग्नात असतात. भाडं मात्र एक रुपया कमी केलं नाही.

एएलचा अर्ज ऑफिसात दिलाय. मंजूर झाल्याशिवाय पत्रिकेवर माझं नाव छापायला बायको तयार नाही, अनुभवाचे बोल. काल रात्री दोस्ताचा फोटो आला. नव्या उतारावर मधोमध खुर्ची उभी केलीय, अंगात तोच सफारी. खाली लिहिलंय: उतार ठीक. कठडा डाव्या बाजूलाच आहे, उजवीकडंही पाहिजे, मालकाला सांग.