इचिरोचं बेट

काल रात्री १९६९ चा 'ऑल मॉन्स्टर्स अटॅक' पुन्हा पाहिला. पैसे कमी, म्हणून तोहो कंपनीने जुन्या गॉडझिलापटांतल्या मारामाऱ्याच यात जोडल्या. चाहते अजून नाकं मुरडतात. मला मात्र तो मनापासून आवडतो. कावासाकीच्या कारखान्यांचा धूर, आईवडील दोघंही कामावर, आणि किल्लीने दार उघडून रिकाम्या घरात शिरणारा छोटा इचिरो. दांडगी पोरं त्याला छळतात. मग तो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो. तिथे गॉडझिलाचं पोर मिनिला त्याच्याशी चक्क बोलतं, आणि त्यालाही गबारा नावाचा दांडगट छळत असतो! रबरी पोशाख ओळखू येतो, येऊ दे. १९५४ मध्ये दिग्दर्शक इशिरो होंडांनी ज्या गॉडझिलाकडून टोकियो बेचिराख करवलं, तोच इथे पोराला लढायला शिकवतो, कच खाल्ली की दटावतोही.