पहिला अवयव

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा लोहाऱ्यात मजुरी करतात, आई हंगामात कापूस वेचायला जाते. तेव्हा धाकट्या भावाचा अभ्यास हे खाते माझ्याकडे! तो नववीत आहे. घटक चाचणीत गणितात नापास झाला आणि त्याने जाहीर करून टाकले, "ताई, मले शाळेत जायचं नाई. बाबासंग कामाले जातो." बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते गप्प राहणेच मला लागले.

खरे सांगायचे तर गणिताच्या धाकानेच मी कला शाखेत आले. तरी त्या रात्री वही घेऊन बसले. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातले एक उदाहरण मी वाचले होते, इ. स. ११५० च्या सुमाराचे. एका संख्येचा घन अधिक तिची बारापट, बरोबर तिच्या वर्गाची सहापट अधिक ३५. उत्तर ५. सगळे एका बाजूला घेतले:

क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५

"यातला एक अवयव क्ष − ५. आता दुसरा शोध."

"पन पाचच काहून?"

मी अडले! शाळेत हे मी नुसते पाठ केले होते. मग दोघांनी क्षच्या जागी ५ ठेवून पाहिले: १२५ − १५० + ६० − ३५. शून्य! म्हणजे क्ष − ५ ने निःशेष भाग जातो. सहगुणक मांडले: १, −६, १२, −३५. पहिला १ तसाच खाली उतरवायचा, त्याला पाचाने गुणून पुढच्यात मिळवायचे, पुन्हा तसेच. खाली आले १, −१, ७ आणि बाकी शून्य. दुसरा अवयव मिळाला: क्ष² − क्ष + ७.

"याले अजून फोडू?"

फोडून पाहिले. वर्गमुळाखाली १ − २८, म्हणजे −२७ आले. वास्तव संख्यांत तो फुटत नाही. तिथे थांबलो.

भास्कराचार्यांचे गुरू त्यांचे वडील महेश्वर. आमच्या घरी तसे सांगणारे कोणी नव्हते. एक अवयव कोणी हाती दिला की पुढे नुसता भागाकार उरतो. तो पहिला शोधतानाच माणूस रडकुंडीला येतो.

सकाळी त्याने दप्तर उचलले. बाबा दारात उभे होते. एवढेच म्हणाले, "जाय बाबू, उशीर होते."

पुढच्या चाचणीचा निकाल अजून लागायचा आहे.